निकालाचा एकच व्हिडिओ

माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे दोन दात नाहीत. कंपनीत नवा माणूस विचारतो तेव्हा मी सांगतो, मोटरसायकलवरून पडलो. खरं म्हणजे ते दात कडावच्या पुढच्या एका देवळाच्या मांडवात पडले, दिवसाढवळ्या, दोन गावांच्या देखत. ज्याने पाडले तो आजही कर्जतच्या बाजारात दिसला की मी हात वर करून रामराम करतो. तो करत नाही. त्याचं बरोबर आहे.

मी मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, घर खालापूरच्या बाजूला. सुट्टीचा दिवस मात्र बैलगाडी शर्यतीचा. बंदी उठली तेव्हा आमच्या पट्ट्यातली माणसं वेडी झाली होती. भात कापून झालं, खाचरं सुकली की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या माळावर छकडे धावायचे. ज्याने जवळून बघितलं नाही त्याला वाटतं, बैल पळतात आणि लोक टाळ्या वाजवतात. तसं नसतं. दोन जोड्या सुटतात तेव्हा पायाखालची जमीन हादरते. बैलांच्या तोंडाचा फेस उडून तुमच्या शर्टावर पडतो. छकड्यावर उभा असलेला गाडीवान घसा फोडून ओरडत असतो, त्याचा एक पाय निसटला तर चाकाखाली जायचा. मी एका गाडीवानाची बरगडी मोडताना ऐकलेली आहे. आणि हे सगळं मिनिटभरात संपतं. मग खरी मारामारी सुरू होते, ती निकालावरून.

त्यात मीही कमी नव्हतो. माझं डोकं लवकर फिरतं, घरचे सगळे जाणून आहेत. एका वर्षी एकाच शर्यतीचे दोन व्हिडिओ निघाले. एक डावीकडून काढलेला, एक उजवीकडून. एकात ह्यांचा बैल पुढे, दुसऱ्यात त्यांचा. त्यातला एक कुणीतरी मधून कापलेला होता. काठ्या निघाल्या. एका माणसाची कानाची पाळी फाटून लोंबत होती आणि तो तशाच अवस्थेत दुसऱ्याचा गळा धरून होता. मी स्टीलचा पाण्याचा कॅन उचलून एकाच्या पाठीत घातला. तो कोणत्या बाजूचा होता हे मला आजही माहीत नाही. 

त्यानंतरच्या बैठकीत मीच उभा राहून नियम सुचवला. रेषेवर एकच फोन, स्टँडवर, बरोबर रेघेच्या समोर. बाकी कुणी तिथे फोन घेऊन फिरकायचं नाही. फायनल झाली की दोन्ही बाजूंचा एकेक पंच जवळ उभा करून तो व्हिडिओ माझ्या चॅनेलवर, मांडवात उघडेपर्यंत कुणाला दिसणार नाही असा चढवायचा आणि लगेच त्यांच्यादेखत फोनमधून पुसायचा, डिलीट केलेल्यांच्या डब्यातूनसुद्धा. दुसरी प्रत राहिलीच नाही तर कापाकापी कोण करणार? मग चार वाजता देवळाच्या मांडवात मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी एकत्र बघायचा. तोपर्यंत शूटिंगवाल्याने तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.

"नेटवर चढलं की ते कुणाच्या बापाला बदलता येणार नाय," असं मी छाती काढून म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. दोन हंगाम तो नियम नीट चालला. लोक मला बोलावून न्यायचे, आणि मीही जरा शेफारलो होतो, नवीन स्टँड घेतला, टोपी घेतली.

त्या रविवारी फायनलला दोन जोड्या उरल्या. एक माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दुसरी आबांची.

दाजी माझ्यासारखेच तापट, त्यामुळे आमचं जमतं. बैलांवर त्यांचा जीव. ताई पहाटे उठून त्या जोडीला कणकेचे गोळे भरवायची, दाजी त्यांची अंगं स्वतः चोळायचे. आबा नदीपलीकडच्या गावचे, साठी ओलांडलेले. तालुक्यातल्या अर्ध्या गाडीवानांना त्यांनी छकड्यावर उभं राहायला शिकवलेलं. मलाही. विशीत असताना मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून मागे उभा राहिलो आहे, आणि घाबरून डोळे मिटले म्हणून त्यांनी पळत्या छकड्यावर मागे हात टाकून माझ्या कानाखाली जाळ काढला आहे. त्यांची एक रीत होती. खालुबाजा असल्याशिवाय त्यांची जोडी धावत नसे. सनई, ढोल, टिमकी घेऊन त्यांचे वाजंत्री रेषेपाशी उभे राहायचे आणि बैल सुटले की एकच चाल वाजवायचे, ती ठरलेली. सनईवाल्याचा बापही तीच वाजवायचा.

फायनल सुटली तेव्हा बाजा माझ्या फोनपासून पाच हातांवर होता. दोन्ही जोड्या जवळजवळ चिकटून आल्या. दाजींचा गाडीवान बैलाच्या शेपटीला दात लावून होता. रेषेच्या अलीकडे दोन्ही छकड्यांची चाकं एकमेकांवर घासली, लाकडाचा ढलपा उडून माझ्या कपाळाला लागला, आणि धुरळ्यात काही दिसेनासं झालं. दोन्हीकडची माणसं एकदमच "आपली!" म्हणून ओरडली.

मी स्टँडवरून फोन काढला, व्हिडिओ सावकाश पुढे सरकवला. आबांच्या उजव्या बैलाचं तोंड रेघेवर होतं आणि दाजींचा बैल चार बोटं मागे. शंकेला जागा नव्हती. दोन पंच उन्हात उभे होते, त्यांना पडद्यावर काही दिसलं नाही आणि नियमाप्रमाणे त्यांनी बघायचंही नव्हतं. टेंपोच्या टपावर चढून रेंज पकडली, व्हिडिओ चढवला, फोनमधून पुसला. पंचांनी पुसलेला बघितला. तोपर्यंत सगळं रीतसर झालं.

खाली उतरलो तर ताई पाण्याची बाटली घेऊन उभी. "कोण रं?" तिने हळूच विचारलं.

"चार वाजता," मी म्हणालो आणि बाटली तोंडाला लावली.

"तुज्या दाजींनी गुलाल मागवलाय," ती म्हणाली.

मी पाणी पीत राहिलो. दाजी तिकडे बैलांच्या गळ्यात पडून हसत होते, लोक त्यांना खांद्यावर घेत होते. त्यांना सांगायला गेलो तर माझं काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि घरी गेल्यावर ताईला काय ऐकून घ्यावं लागेल तेही. नियम होता म्हणून मी गप्प होतो असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. नियम होताच. पण मला बरं वाटलं होतं तो आहे म्हणून, हे मी कुणाला सांगितलं नाही.

चार वाजता मांडव खचाखच भरला. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. टीव्हीला फोन जोडला, चॅनेल उघडलं, व्हिडिओवर बोट ठेवलं. काळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी. कॉपीराइटच्या दाव्यावरून हा व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे.

मला वाटलं रेंज गेली. पुन्हा उघडला. तेच. मग मेल बघितला. एका गाण्याच्या कंपनीचं नाव, मी जन्मात न ऐकलेलं. माझ्या व्हिडिओतल्या सतरा सेकंदांचं संगीत त्यांच्या मालकीचं आहे म्हणे. सतरा सेकंदांत तिथे काय होतं? आबांचा बाजा. सनईवाला समोर तिसऱ्या रांगेत बसला होता, मांडीवर सनई, गालावर अजून धूळ. त्याच्या बापाची चाल त्याने स्वतः फुंकली आणि ती कुठल्या तरी ऑफिसातल्या मशीनला चोरीची वाटली.

मला हसू आलं. आनंदाचं नव्हे. रडायच्या जागी कधी कधी येतं तसलं. पण मी हसलो, मोठ्याने, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

आबांचा थोरला मुलगा उठला. "हसतोस व्हय रं?" तो म्हणाला. "मेव्हण्यासाटी व्हिडिओ काडलास नि हसतोस?"

"मी नाय काडला. कंपनीनं काडला."

"कुठल्या कंपनीनं? तुज्या चॅनेलवरचा व्हिडिओ दुसरा कोन काडंल?"

ह्याला उत्तर द्यायला निदान अर्धा तास लागला असता आणि माझ्याकडे अर्धं मिनिट होतं. दाजीही उठले होते. त्यांच्या गालावर गुलाल होता. "आमी जिकलोच हाय. व्हिडिओ नसंल तर नसंल," ते म्हणाले. मागून शिव्या सुरू झाल्या. एक खुर्ची उडून पंख्याला लागली.

तेव्हा आबा उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि त्या माणसाचा मान एवढा की मांडव गप्प झाला. ते माझ्याकडे वळले.

"नियम बियम ऱ्हाऊ दे आता. तू चढवायच्या आदी बगितलं आसशील ना? सांग. तू सांगशील ते आमी मानू. आमच्याकडून कोन बोलनार नाय."

एवढी साधी गोष्ट होती. चार शब्द. मी दाजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, सांग ना, म्हणून. त्यांची खात्री होती. त्यांच्या मागे बायकांमध्ये ताई उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"नीट बगितलं नाय, आबा," मी म्हणालो. "धुरळा व्हता."

आबांच्या मुलाने मारलेला पहिला ठोसा मला दिसलाच नाही. तोंडात काहीतरी कडक फिरलं, मला वाटलं खडा आहे, तो दात होता. दुसऱ्या ठोशाने मी टीव्हीच्या टेबलावर पडलो. टीव्ही खाली गेला, मी त्याच्यावर. मग माझंही डोकं फिरलं. खोटं मी बोललो होतो, मार वाजवी होता, आणि तरीही मी उठून त्याच्या पोटात डोकं घातलं, खुर्चीचा पाय तुटला तो घेऊन त्याच्या मांडीवर, कोपरावर, दिसेल तिथे हाणला. माणूस चुकीचा असला की जास्त जोरात मारतो, हे मी स्वतःवरून सांगतो. त्याने माझे केस धरून तोंड खांबावर आपटलं. कुणीतरी माझ्या बोटांवर पाय देऊन उभा राहिला. मी त्याच्या पोटरीला चावलो.

आणि दाजी आले. मला मारतात हे बघून आले. जुवाला अडकवायची लोखंडी शिवळ त्यांच्या हातात होती, हातभर लांब. त्यांनी ती आबांच्या मुलावर उगारली. मुलाने मला धरलेलं, आणि आबा मागून मुलाचा दंड धरून ओढत होते. "सोड त्याला, सोड," एवढंच म्हणत होते. मुलगा वाकला. शिवळ आबांच्या तोंडावर बसली.

ओला नारळ दगडावर पडावा तसा आवाज झाला. आबा ओरडले नाहीत. खाली बसले आणि दोन्ही तळहात तोंडावर धरले. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत गेलं आणि तिथून धोतरावर. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. दाजींच्या हातातून शिवळ सुटली. तेव्हा मी फुटक्या तोंडाने ओरडलो, "आबांची जोडी जिकली! आबांचीच! मी बगितलंय!" रक्ताने तोंड भरलेलं, त्यातून काय शब्द निघाले देव जाणे. कुणाला कळलं नाही. कळून तरी काय उपयोग होता?

कर्जतच्या दवाखान्यात जाताना टेंपोतच ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही, दोन्ही गावांची माणसं एकाच टेंपोत होती आणि एकही जण विरोधात बोलला नाही. मारामारी झाली म्हटलं की पोलीस येणार, पोलीस आले की शर्यतीची परवानगी जाणार, परत बंदी. म्हणून बैलाचं शिंग लागलं असं सांगायचं. डॉक्टरने आबांनाच विचारलं, कुणाचा बैल? आबा पट्टीखालून म्हणाले, "माजाच." माझ्या दातांसाठी मोटरसायकलची गोष्टही त्याच टेंपोत तयार झाली.

उजवा डोळा गेला. पुढे मुंबईला नेऊन काढावाच लागला. डावा आधीच निकामी होता, पंधरा वर्षांपूर्वी झोडणीच्या वेळी भाताचं कुसळ गेलं होतं त्यात. हे मला त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. इतकी वर्षं तो माणूस एका डोळ्यावर छकडा हाकत होता आणि त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग मी त्या कंपनीच्या मागे लागलो. मला कुणालातरी मारायचं होतं, हे खरं सांगतो. रात्रंदिवस तेच डोक्यात. पण मारायला माणूसच सापडेना. पत्ता नाही, फोन नाही. तक्रारीचा फॉर्म भरायचा, त्यावर मशीनचं उत्तर यायचं, की तुमचं म्हणणं पुरेसं नाही. एकदा असं उत्तर आलं तेव्हा मी नवीन स्टँड शेताच्या बांधावर आपटून आपटून त्याचे तीन पाय वेगळे केले. आमच्या केमिकल कंपनीच्या ऑफिसातल्या एका कारकुनाने मला इंग्रजी लिहून दिलं. ही चाल कुणा एकाची नाही, सनईवाल्याचा बाप वाजवायचा, त्याचाही बाप वाजवायचा, तुमच्या कंपनीने ती तबकडीवर घेतली म्हणून ती तुमची होत नाही. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता. मी सांगतो ते खरं आहे असं शपथेवर कबूल करतो, तिथे खूण करायची. कारकून म्हणाला, कर की. माझं बोट बराच वेळ तिथे थांबलं, मग मी खूण केली.

भात परत लावणीला आलं होतं तेव्हा एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मेल आला. दावा मागे घेण्यात आला आहे, व्हिडिओ पूर्ववत केला आहे. एक ओळ. चुकलं वगैरे काही नाही. मी तिथेच कॅन्टीनच्या बाकावर बसून तो बघितला. चार बोटं.

आधी दाजींकडे गेलो. त्या दिवसापासून ते छकड्याला शिवले नव्हते, पण आपण जिंकलो होतो एवढा एक आधार त्यांना होता. त्यांनी व्हिडिओ तीनदा बघितला. फोन माझ्या हातात दिला, उठले आणि गोठ्याच्या मधल्या खांबावर, मेढीवर, डोकं आपटायला लागले. आवाज न करता, एका लयीत. कपाळ फुटलं तरी थांबेनात. ताईने आणि मी दोघांनी धरून खाली पाडलं तेव्हा थांबले.

"मला आदी का नाय सांगितलंस रं?" ते जमिनीवरूनच म्हणाले. "मी तुला मारला आसता. तुला मारून मोकळा झालो आसतो."

ताई त्यांच्या कपाळावर हळद दाबत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पानी पिताना तू माज्याकडं बगितलं नव्हतंस. मला तवाच कळलं व्हतं. मी पन गप बसले." थोड्या वेळाने म्हणाली, "आता जा. त्यांना जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी गेलो. आबांचा मुलगा अंगणात चिखल लागलेला नांगर धूत होता. त्याने मला बघितलं, हातातली बादली खाली ठेवली आणि बाजूला झाला. आबा ओटीवर खाटेवर बसले होते. उजव्या डोळ्याच्या जागी कातडी आत ओढली गेली होती. मी नाव सांगितलं. त्यांनी हाताने खाट चाचपून मला बसायला जागा दाखवली.

"व्हिडिओ परत आला, आबा."

"लाव."

मी लावला. आधी गलका, मग बाजा. सनई सुरू झाली तसा त्यांचा पाय हलायला लागला. संपल्यावर ते म्हणाले, "आता सांग मला. सावकाश सांग." मी पुन्हा लावला आणि थांबवत थांबवत सांगत गेलो. आता दोन्ही जोड्या झाडापाशी आल्या. आता चाकं घासली. आता तुमच्या उजव्या बैलाने मान लांब केली. आता त्याचं तोंड रेघेवर आहे, आणि दाजींचा बैल मागे. 

"कितका मागं?"

मी त्यांचा हात धरून चार बोटं त्यांच्या तळहातावर टेकवली. त्यांनी मूठ मिटली. चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली, "जिकलो व्हतो गं आपुन! चार बोटांनी!"

मग मिटलेल्या मुठीवरून ते दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला समजत होतं.

"तवा तुला धुरळ्यात दिसलं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता. मला वाट करून देत होते. हो म्हणालो असतो तर त्यांनी ते मानलं असतं, चहा सांगितला असता, आणि मी नदी ओलांडून घरी आलो असतो.

"दिसलं व्हतं, आबा," मी म्हणालो. "तुमी विचारलंत तवा मला माहीत व्हतं."

त्यांचा हात उठला, सगळ्या अंगाचा जोर घेऊन आला आणि माझ्या कानाजवळच्या मोकळ्या हवेतून गेला. तोल जाऊन ते खाटेच्या दांडीवर आपटले. अंगणात मुलगा उभा होता, तो जागचा हलला नाही. आबांनी स्वतःला सावरलं, पुन्हा हात उचलला आणि मी कुठे आहे त्याचा अंदाज घेत तो तसाच हवेत धरून ठेवला. मी जवळ सरकलो आणि तोंड त्यांच्या हाताच्या वाटेत आणलं. ह्या वेळी लागली.